हक्कसोडाच्या कागदाआधी

चि. सौ. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दादानं पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा तू मला फोनवर वाचून दाखवलास आणि विचारलंस, "सही करून टाकू का?" मी थांब म्हणाले, तर तुला वाटलं आईला दादाचा राग आला. तसं काही नाही. तुझ्या मागं कुकरच्या शिट्ट्या आणि पोराचा दंगा चाललेला असतो, त्यात तीन पिढ्यांचं सांगून होत नाही. म्हणून बसून लिहिते आहे.

आधी दादाबद्दल. त्याचं म्हणणं खोटं नाही. तुझे अण्णा गेल्यावर सातबाऱ्यावर आपल्या तिघांची नावं लागली, तेव्हापासून पीककर्जाला तिघांच्या सह्या, ठिबकच्या अनुदानाला तिघांचे कागद. तू पुण्यात. त्याला सीताफळाची बाग करायची आहे आणि प्रत्येक कागदाला बहिणीची वाट बघायची म्हणजे त्याचाही जीव मेटाकुटीला येतो. बायकोचं ऐकून हिस्सा गिळायला निघालेला भाऊ तो नव्हे, हे तुलाही ठाऊक आहे.

मी अडले ती मसुद्यातल्या एका ओळीवर. "सदरची मिळकत लिहून घेणार यांचे आजोबांनी स्वकष्टाने संपादन केलेली आहे." ही ओळ वकिलानं आपल्या मनानं घातलेली नाही. आपल्या घरात हेच बोललं जातं. लग्नाच्या बैठकीत, भाऊबंदांत, दहाव्याला आलेल्या पाहुण्यांपुढं, सगळीकडं एकच: आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, घणावर जमीन कमावली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मलाही हेच सांगितलं. पुढं आत्याबाईंच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, हाताखाली वीस वर्षं काढली आणि त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं बाकीचं कळलं. अलीकडं अण्णांच्या वारसनोंदीच्या निमित्तानं जुने फेरफार काढले, त्यातही तेच निघालं. सही करायची तर हे सगळं कळल्यावर कर.

आपण लोहार, गावच्या बारा बलुत्यांतलं एक घर. वर्षभर गावाचे फाळ पाजवायचे, कुळवाच्या फासा ठोकायच्या, विळे-खुरपी, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करायच्या, आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. रान दुसऱ्याचं, पीक दुसऱ्याचं. लोहाराचं म्हणजे भाता, ऐरण आणि हातोडा. पीक बुडालं की पहिली उपासमार बलुतेदाराची. १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात तेच झालं. खळीच लागली नाहीत तर बलुतं कुठून येणार? त्याच सुमाराला बार्शी लाईट रेल्वेचे रूळ पडत होते. कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. त्यानं १८९५ साली लंडनला कंपनी काढली आणि १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू केली. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. मातीकामावर माणसं लागली की कुदळी आणि पहारी बोथट होतात, त्यांना टोक काढायला लोहार लागतो. आबांच्या आजोबांनी भाता-ऐरण गाडीत घातली आणि ते लाइनच्या कामावर गेले. धान्याऐवजी रोकडा पैसा या घरात तेव्हा पहिल्यांदा आला, असं आत्याबाई सांगायच्या. त्यांनी ते त्यांच्या सासूकडून ऐकलेलं.

पुढं लाइन वाढत गेली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आबांचे वडील मिरजेच्या कामावर सांगोल्याकडं होते. काम संपलं की गावात येऊन बलुतं, नवं काम निघालं की पुन्हा लाइनवर, असं त्यांचं चालायचं. कायमची नोकरी लागली ती आबांना. आधी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात घण मारायला, म्हणजे हॅमरमन म्हणून, आणि मग सेक्शनवर लोहार म्हणून. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि आबा कंपनीचे होते ते मध्य रेल्वेचे झाले. घरात त्याचा मोठा मान होता. गावात सरकारी पगाराचा लोहार दुसरा नव्हता.

तुला आठवत असेल, अण्णा तुला त्या छोट्या गाडीनं पांगरीपर्यंत फिरवून आणायचे. अडीच फुटांची लाइन. गाडीतून उतरून तंबाखू मळावी आणि पळत जाऊन पुन्हा चढावं, हा विनोद बार्शीकडचा प्रत्येक माणूस करतो. आबांपुढं कुणी केला की ते चिडायचे. सुरुवातीचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आसपास. आजच्या मोठ्या लाइनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. कॅलथ्रॉपचा हिशेबच असा होता की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळावर आणि थोड्या खर्चात गाडी चालेल. आबा म्हणायचे, "तेवढ्या काडीसारख्या रुळावरनं आषाढीला अख्खी पंढरी वाहिली आमी, आन् तुमी हसा."

सेक्शनवरचा लोहार करतो काय, ते तुला कुणी सांगितलं नसेल. पी.डब्ल्यू.आय., म्हणजे लाइनची देखभाल बघणारा इन्स्पेक्टर, त्याच्या ऑफिसामागं पत्र्याची शेड, तिथं भट्टी. सेक्शनवरच्या सगळ्या गँगांची हत्यारं तिथं यायची. स्लीपरखाली खडी ठोकायचे बीटर, पहारी, कुदळी, चावीवाल्याचे हातोडे, फिशबोल्टचे पाने. बीटरचं तोंड झिजून गोल झालं की खडी नीट बसत नाही. खडी बसली नाही की सांधा खचतो आणि गाडी त्या जागी हिसका खाते. उन्हाळ्यात आबांचं काम वाढायचं, कारण पावसाच्या आत लाइन भरून घ्यायची असते. हे सगळं काम रोजचं आणि कुणाच्या नजरेत न येणारं. गँगमनचा मुकादम ओरडला की लोहार आठवायचा.

घणाच्या आवाजानं आबांना चाळिशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यामुळं आपल्या घरात कुजबूज अशी कधी नव्हतीच. जे बोलायचं ते ओरडून, आणि ते शेजारच्या तीन घरांना ऐकू. माझ्या माहेरच्यांनी काय दिलं आणि काय नाही, हे सगळ्या आळीला माझ्याआधी कळलं ते असं.

रेल्वेचा एक खिळाही त्यांनी घरी आणला नाही. आसपासच्या गावांतल्या लोहारांकडं ऐरण म्हणून रुळाचा तुकडा असायचा, तो कुठून आला हे कुणी विचारत नसे. १९६६ साली रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध कायदा आला, मग लोकांनी तुकडे परसात पुरले. आपली ऐरण आबांच्या वडिलांची, तिच्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का नाही. गावातले लोक आबांना म्हणायचे, एवढं लोखंड तिथं गंजत पडलंय, दोन तुकडे आणलेस तर काय बिघडतंय? आबा ऐकू न आल्यासारखं करायचे. बहिरेपण तिथं उपयोगी पडायचं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, तिच्याकडं येते. आबा क्वार्टरवर राहायचे आणि सुट्टीला गावी यायचे. मग शेत कोण करत होतं?

आपल्या रानाचे दोन तुकडे. ओढ्याकडचा आणि माळाकडचा. ओढ्याकडचा तुकडा बार्शीच्या एका मालकाचा. काठावरचं रान, निम्मं मुरमाड, मराठा घरांपैकी कुणी करायला तयार नव्हतं. ते आबांच्या वडिलांनी वाट्यानं घेतलं, आणि ते गेल्यावर कूळ म्हणून आबांचं नाव लागलं. आबांचं लग्न झालं ते त्याच सुमाराला. आत्याबाई पंधराच्या होत्या. आल्या आल्या त्यांच्या हातात बैल आले. माहेरी त्या शेतातच वाढलेल्या, पेरणीची पाभर धरायची तर पुरुषाच्या तोडीची. आपल्याकडं बाईनं पाभर धरली की लोक नावं ठेवायचे. त्यांनी धरली, कारण धरायला दुसरं कुणी नव्हतं.

१९५७ च्या १ एप्रिलला कूळकायद्यानं कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली. तो कायदा मुंबई राज्याचा, १९४८ चा. पण कागदावर मालक ठरणं आणि कागद हातात येणं यात अंतर असतं. त्या कायद्याच्या कलम बत्तीस-ग ची चौकशी लागते, किंमत ठरते, ती हप्त्यानं भरायची, आणि सगळी फिटली की कलम बत्तीस-म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळतं. चौकशीत मालकाच्या बाजूनं हरकत आली की हा माणूस रेल्वेत नोकरीला आहे, महिनाभर इथं नसतो, हा कसला कूळ? हरकत बिनबुडाची नव्हती. आबांच्या हजेरीची वही रेल्वेतच होती, ती काही लपवता येत नव्हती.

साहेबांनी विचारलं, मग शेत कोण करतं? आबांना नीट ऐकू आलं नाही की काय बोलावं ते सुचलं नाही, कोण जाणे. अण्णा तेव्हा आत्याबाईंच्या कडेवर होते. त्या मागून पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "रान म्या कसते. त्यो लोखंड कुटतो." साहेबांनी मग त्यांनाच विचारायला सुरुवात केली. ज्वारी कुठली पेरता? मालदांडी. किती पाभरी लागतात? बांधाला कुणाचं रान? ओढ्याच्या अंगाला पाणी कुठं साचतं? त्यांनी सगळं सांगितलं. आणि मग हात पुढं केले. रब्बीची ज्वारी आपल्याकडं मुळासकट उपटून काढतात, हे तू पाहिलं आहेस. काळी रानं माघात वाळून दगड होतात, ताटाला मिठी मारून ओढावं लागतं. पाच-सात वर्षं ज्वारी काढलेल्या बाईचा तळवा कसा होतो, ते त्या साहेबांनाही माहीत असणार. कायद्यात आहेच की स्वतः कसणं म्हणजे स्वतःच्या किंवा घरच्या माणसांच्या मेहनतीनं कसणं. हरकत उडाली.

हे मी आत्याबाईंकडून ऐकलं आणि मला वाटायचं, सांगताना थोडं मीठ-मसाला लागला असेल. परवा निकालाची नक्कल काढली. त्यात त्यांचं नाव नाही, पण "कुळाची पत्नी जमीन प्रत्यक्ष कसते असे दिसून आले" एवढं आहे. प्रमाणपत्र आबांच्या नावाचं. हप्ते आबांच्या पगारातून गेले, हेही तितकंच खरं. पगारवाटपाच्या दिवशी क्लार्क रोकड घेऊन यायचा, आबा अंगठा न देता सही करायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. त्या पैशातून आधी हप्ता बाजूला काढायचा हा नियम आत्याबाईंचा.

लोहारकामातही त्या नुसत्या भाता ओढणाऱ्या नव्हत्या. माझं लग्न झालं तेव्हा रबरी टायरच्या गाड्या आल्या होत्या, तरी लोखंडी धावेच्या थोड्या राहिल्या होत्या. आबा सुट्टीला आले की धावा बसवायचं काम निघायचं. दोरीनं चाकाचा घेर मोजायचा आणि धाव त्याहून जराशी आखूड ठेवायची. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. धाव लाल झाली की दोघांनी सांडशीत धरून उचलायची आणि चाकावर टाकायची. लोखंड तापून पसरलेलं असतं म्हणून ती चढते. लाकूड लगेच धुमसायला लागतं. त्या क्षणी घणाचे चार ठोके मारून ती सारखी करायची आणि पाणी ओतायचं. पाणी लवकर पडलं तर धाव वाकडी आवळते, उशिरा पडलं तर चाकाची कड जळून कोळसा होते आणि धाव पुढं ढिली पडते. हे पाणी आबा कुणालाही ओतू देत नसत. कासंडी घेऊन आत्याबाईच उभ्या असायच्या. आबांनी हाक मारायचा प्रश्नच नव्हता, त्या धुराकडं बघत असायच्या. धूर पांढऱ्याचा पिवळा झाला की पाणी. चर्र आवाज, वाफ, आणि मग आऱ्यांची कुरकुर, सगळं चाक आवळून घट्ट होताना. एकदा मी हौसेनं कासंडी मागितली. त्या म्हणाल्या, "आधी धूर बघाय शिक." पुढं मी शिकले, तोवर गाड्या संपल्या.

माळाकडच्या तुकड्याची गोष्ट मला तेवढी आवडत नाही, पण तीही तुला कळलेली बरी. १९७२ चा दुष्काळ. रोजगार हमीची कामं निघाली, पाझर तलाव, रस्ते, खडी. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. गावच्या गाव खडी फोडायला जायचं, आणि खडी फोडायची म्हणजे हातोडे, छिन्न्या, पहारी. दुष्काळात सगळ्यांचं काम गेलं आणि आपली भट्टी रात्रीची पेटू लागली. आबा सुट्टीला येऊन रात्रभर टोकं काढायचे, बाकीचे दिवस आत्याबाई आणि बारा-पंधरा वर्षांचे तुझे अण्णा. छिन्नीला पाणी द्यायचं अण्णांना त्यांनीच शिकवलं. टोक तापवून पाण्यात बुडवायचं, घासून पांढरं करायचं आणि मागची ऊब पुढं सरकताना रंग बघायचा. गवती पिवळा, तपकिरी, जांभळा. दगडाच्या छिन्नीला जांभळा यायच्या आत पुन्हा पाण्यात. निळी पडली की छिन्नी मऊ, पहिल्याच दगडाला वळते.

त्याच वर्षी माळाकडच्या रानाचा मालक गाव सोडून मुंबईला निघाला. बैल मेले होते, विहीर आटली होती. दुष्काळात पगारदाराला जमीन स्वस्त मिळते. आबांनी घेतली. कुणी लुबाडलं असं नाही, मागितला तो भाव दिला, पण पाऊस झाला असता तर त्या माणसानं ती विकली नसती. आत्याबाई त्या घराबद्दल बोलताना नेहमी आवाज खाली आणायच्या, आणि आपल्या घरात आवाज खाली येणं म्हणजे काय ते तुला सांगितलंच आहे. पैसे उभे राहिले ते असे: सोसायटीचं थोडं कर्ज, भट्टीवरची रात्रीची कमाई, आणि आत्याबाईंची माहेरची बोरमाळ. बोरमाळ मोडली ती पुन्हा झाली नाही. माझ्या लग्नात त्यांच्या गळ्यात काळी पोतच होती. खरेदीखत आबांच्या नावाचं.

दोन वर्षांनी रेल्वेचा संप झाला. १९७४ चा, ८ मे ते २७ मे. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते. आबा संपात गेले. सरकारनं धरपकड केली, हजारो आत गेले. आबा क्वार्टर सोडून गावी आले आणि रात्री माळाच्या रानात झोपायचे, पोलीस घरी आले तर नको म्हणून. पगार बंद. पण तोवर मालदांडी घरात येऊन पडली होती, दोन्ही रानांची. कणगी भरलेली असली की माणूस संपाला टिकतो, असं आबा म्हणायचे. ज्यांना रान नव्हतं ते गँगमन लवकर कामावर परतले, आबांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. संपात गेलेल्यांची सेवा खंडित धरली होती, ती १९७७ ला सरकार बदलल्यावर मागं घेतली गेली.

मग निवृत्ती, मग अण्णा आणि काका यांची शेती, मी आलेली, तुम्ही झालेली. ते सगळं तुला माहीत आहे, लिहित बसत नाही.

आबा गेले त्यानंतरचं मात्र माहीत नाही, तू लहान होतीस. वारसनोंद लागली तेव्हा आत्याबाईंचं नाव सातबाऱ्यावर आलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्याबरोबर अण्णा, काका आणि तुझ्या दोन्ही आत्या. १९५६ च्या वारसा कायद्यानं तो सगळ्यांचा हक्कच होता, कुणी मेहेरबानी केली नव्हती. नोंद मंजूर झाली आणि काही महिन्यांतच राखीपौर्णिमेला आत्यांना बोलावून घेतलं. दोघींना साड्या, पुरणाचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी बार्शीला दुय्यम निबंधकाकडं. आत्याबाईंचाही हक्कसोड त्याच कागदात घेतला. कर्जाला सोपं जावं, हेच कारण तेव्हाही होतं. घरातल्या सुनेला असल्या बाबतीत कुणी विचारत नसे. मोठ्या आत्या गप्प होत्या. धाकट्या आत्यांनी जेवताना एवढंच म्हटलं की माळाच्या रानात आईची बोरमाळ आहे. कुणी काही बोललं नाही.

पुढं तलाठी घरी आले होते, तेव्हा आत्याबाईंनी त्यांना विचारलं, "खरडलं का माझं नाव?" ते म्हणाले, "खरडत नाही आजी, कंस करतो." सातबाऱ्यावर कमी झालेल्या नावाला तेव्हा कंस करायचे. त्या उतारा हातात धरून कंस कुठं आहे ते मला विचारत होत्या. मी बोट ठेवून दाखवला.

आता तुझं. महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क आला. अण्णांच्या हिश्श्यात तुझं, दादाचं आणि माझं सारखं आहे. तू हक्कसोड करावीस की नाही हे मी सांगणार नाही. तुझं तिकडं बरं चाललं आहे आणि दादा रानात राबतो, तेव्हा त्याला द्यावंसं वाटलं तर दे, त्यात काही वावगं नाही. पण कर्जाची अडचण एवढंच कारण असेल तर त्याला दुसरा रस्ता आहे. बँकेला सहहिस्सेदाराचं संमतीपत्र चालतं, मी शाखेत जाऊन विचारून आले. वर्षातून एकदा एक कागद सही करून पाठवणं तुला जड नाही आणि त्याचं काम अडत नाही. नाव राहू दे आणि काम होऊ दे, असं माझं मत. मत आहे, हुकूम नव्हे.

एक मात्र हुकूम समज. हक्कसोड करणार असशील तरी ती ओळ तशी ठेवून सही करायची नाही. "आजी-आजोबांनी स्वकष्टाने संपादन केलेली" असं टाइप करून घ्यायचं. वकिलाला पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. ओढ्याकडच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात कूळकायदा कलम ४३ चा शेरा आहे, त्यामुळं ते रान विकायचं म्हटलं तर सरकारचे सोपस्कार आधी पुरे करावे लागतात. काका हल्ली एका प्लॉटिंगवाल्याबरोबर दिसतात म्हणून सांगितलं. दादालाही सांगितलं आहे.

माझ्या हिश्श्याचं काय, असं तुम्ही दोघंही मनात म्हणत असाल. मी अजून धडधाकट आहे. माझं नाव सातबाऱ्यावर आहे आणि त्याला कंस करायला मी कुणाला बोलावलेलं नाही. पुढचं पुढं बघू.

निकालाची नक्कल, बत्तीस-म चं प्रमाणपत्र आणि तीन फेरफार यांच्या झेरॉक्स सोबत पाठवते आहे. मूळ कागद माझ्या ट्रंकेत आहेत. दादा येत्या आठवड्यात वकिलाकडं जाणार आहे, त्याआधी तूच त्याला फोन कर, माझ्यामार्फत नको. धाकट्या आत्यांनाही एकदा फोन कर, त्यांचे गुडघे फार दुखतात हल्ली.

जावईबापूंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. तुला ऐरण गॅलरीत ठेवायला हवी होती. ती मिळणार नाही. दादा ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे वाकलेले फाळ तिच्यावरच सरळ करतो. कासंडी हवी असेल तर ने, ती पितळेची आहे, फक्त बूड कल्हई करून घ्यावं लागेल.